मिशिगनच्या रानात वुडकॉक कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर मिशिगनमध्ये परवाना घेतला आहे, दोन वर्षांची ब्रिटनी जातीची कुत्री आहे, सरकारी जंगलांत बरंच हिंडून झालं, रानकोंबडीसारखा ग्राउज एखाद-दुसरा उडाला, पण वुडकॉक पक्षी जवळजवळ दिसलाच नाही. तो नेमका कुठे असतो आणि जागा ओळखायची कशी?

तुम्ही वर्णन केलेलं जंगल, म्हणजे उंच मेपल आणि ओक, खाली गार सावली, मोकळं फिरता येईल इतकं अंतर, हे माणसाला चालायला उत्तम आहे. वुडकॉकला ते निरुपयोगी आहे. तुमच्या कुत्रीत काही खोट नाही. जिथे पक्षी नाहीत तिथे ती बिचारी काय दाखवणार?

सुरुवात पक्ष्याच्या अंगापासून करू, कारण जागेचे सगळे नियम तिथूनच निघतात. वुडकॉक हा किनाऱ्यावरच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला, स्नाइपचा भाऊबंद. पण बिऱ्हाड त्याने झाडीत केलेलं आहे. नराचं वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, मादी दोनशेच्या आसपास. चोच साधारण सात सेंटीमीटर लांब, आणि तिच्या वरच्या भागाचं टोक लवचिक. चोच मातीत खुपसलेली असतानाही तो फक्त टोक उघडून गांडूळ पकडतो आणि ओढून काढतो. दिवसभरात स्वतःच्या वजनाइतकी गांडुळं तो सहज खातो. पाय मात्र आखूड. डोळे डोक्यावर इतके मागे आणि वर की मान न वळवता त्याला जवळपास चौफेर दिसतं, कारण खाताना मान खाली असते आणि ससाणा वरून येतो.

आता या अंगाला काय लागतं ते पाहा. चोच शिरेल अशी मऊ, ओलसर, गांडुळांची माती. आखूड पायांनी चालता येईल अशी गवताविना मोकळी जमीन. आणि डोक्यावर ससाण्याला आत झेप घेता येणार नाही इतकी दाट काड्यांची झाडी. या तिन्ही गोष्टी एकाच जागी असतील तर पक्षी असतो. एक जरी कमी पडली तरी तो पुढे उडून जातो. बहुतेक नवे शिकारी फक्त तिसरी गोष्ट शोधतात, दाट झाडी दिसली की आत शिरतात. मी मात्र नेहमी मातीपासून सुरुवात करायला सांगतो.

हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या उत्तरेकडच्या प्रदेशात आज सापडणारी गांडुळं जवळजवळ सगळी युरोपातून वसाहतकाळात आलेली आहेत: रोपांच्या मुळांतल्या मातीबरोबर, जहाजांच्या भरावातून, पुढे शेतीबरोबर. त्यामुळे जिथे कधीकाळी नांगर फिरला ती जमीन मला विशेष आवडते. सोडून दिलेलं शेत, त्यात घुसलेली झुडपं, कडेला वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग, झाडाच्या बुंध्यात रुतलेली जुनी तार, रानटी झालेली सफरचंदाची झाडं. अशी खूण दिसली की मी गाडी थांबवतो. तिथे हॉथॉर्न आणि ग्रे डॉगवुड माजलेलं असेल तर काट्यांची पर्वा न करता आत जावं. मात्र जाड कापडाची, गुडघ्यांवर अस्तर लावलेली पँट हवी.

उलट उदाहरण ग्रेलिंगच्या आसपासचं. हिमनद्यांनी पसरवलेल्या वाळूचा तो सपाट पट्टा, त्यावर जॅक पाइन. पाणी वाळूतून झिरपून जातं, पाइनच्या सुयांचा आम्लधर्मी थर साचतो, गांडूळ टिकत नाही. तिथे कोवळी पाइनची दाटी कितीही झकास दिसो, वुडकॉकसाठी तुम्ही फक्त पाय दमवाल. पण त्याच वाळूच्या प्रदेशातून ऑ साबल नदी वाहते आणि तिच्या काठाने, ओढ्यांच्या मुखाशी, आल्डर या ओलीत वाढणाऱ्या झुडपाचे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांत गाळाची काळी माती आहे, म्हणून तिथे पक्षी आहे. शंभर पावलांवर सगळं चित्र बदलतं. दुसरं फसवं ठिकाण म्हणजे स्फॅग्नम शेवाळाची दलदल. ओल भरपूर, पण पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, इतकं आम्लधर्मी की गांडूळ जवळपास नाहीच.

माती तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही. बुटाच्या टाचेने पाचोळा सारा आणि एक मूठ माती उचला. दाबल्यावर ढेकूळ व्हावं आणि बोटाने टोचल्यावर ते फुटावं. पाणी निथळलं तर जागा फार ओली, बोटांतून घसरली तर वाळू. मग पेन्सिलीएवढी काडी जमिनीत खुपसून पाहा: दोन बोटांच्या जोराने सहा-सात सेंटीमीटर आत गेली पाहिजे. शिवाय पाचोळ्याचा खालचा थर कुजून मातीत मिसळत चालला असेल, तर गांडुळं कामाला आहेत असं समजा. वर्षानुवर्षांची कोरडी पानं थरावर थर तशीच पडून असतील तर आशा कमी.

आता झाडी. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात हिचा कणा म्हणजे अ‍ॅस्पेन, इथले जुने लोक ज्याला 'पॉपल' म्हणतात. अ‍ॅस्पेनचं रान पूर्ण तोडलं की मुळांतून हजारो फुटवे एकदम वर येतात, एका एकरात कित्येक हजार. पहिली काही वर्षं तिथे गवत आणि रासबेरीचं राज्य असतं. साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून फुटव्यांचा माथा जुळतो, खालचं गवत सावलीने मरतं आणि वुडकॉकची जागा तयार होते. वीस-पंचवीस वर्षांपर्यंत ती चालते. त्यानंतर झाडं एकमेकांना मारून विरळ होतात, उजेड पुन्हा खाली येतो आणि पक्षी कमी होतात. रानात वय मोजत बसायची गरज नाही. खोड अंगठ्याएवढ्या जाडीपासून मनगटाएवढ्या जाडीपर्यंत असेल तर थांबा. मांडीएवढं झालं असेल तर ती जागा तुमच्या आधीच्या पिढीने वापरून झाली.

एक साधी चाचणी मी प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो. झाडीत शिरताना खांद्याने काड्या बाजूला साराव्या लागल्या पाहिजेत. आत गेल्यावर मात्र उकिडवे बसा आणि पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहा. खोडांमधून आठ-दहा मीटर नजर जात असेल, जमीन दिसत असेल, तर ही त्याची जागा. घोट्यापर्यंत सेज गवताने किंवा नेच्याने नजर अडत असेल तर वरची दाटी कितीही चांगली असो, पुढे चला. नेच्याच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा की पहिल्या कडक हिमानंतर तो आडवा होतो आणि सप्टेंबरमध्ये सोडलेली जागा ऑक्टोबरच्या मध्याला उघडी पडते.

आल्डरचं गणित थोडं वेगळं आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, पानं हिरवी असतानाच गळतात आणि लवकर कुजतात. गांडुळांना याहून काय हवं? पण सगळा आल्डर सारखा नसतो. पाण्यात उभा असलेला आल्डर बदकांचा. म्हातारा होऊन आडवा पसरलेला, मध्ये गवताची भोकं पडलेला आल्डरही कमी दर्जाचा. चांगला तो, जो ओढ्यापासून एक पायरी वर, न बुडणाऱ्या पण कधी न वाळणाऱ्या जमिनीवर, उभ्या दाट काड्यांचा आहे.

आणि मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी सांधा निवडेन: उतारावरचा कोवळा अ‍ॅस्पेन जिथे संपतो आणि खालच्या ओलीतला आल्डर जिथे सुरू होतो ती रेषा. पाऊस जास्त झाला तर पक्षी वर सरकतो, कमी झाला तर खाली, पण या रेषेपासून फार लांब जात नाही. कुत्रीला रेषेच्या दोन्ही बाजूंनी आडवं फिरू द्या, तुम्ही रेषेवरून चाला. ऑक्टोबरच्या मध्यात ही रेषा रस्त्यावरूनही दिसते, कारण अ‍ॅस्पेन पिवळा झालेला असतो आणि आल्डर अजून हिरवा.

निम्मं काम घरी बसून होतं. उपग्रह चित्रांत जुन्या वर्षांची चित्रं उघडा आणि आठ ते पंधरा वर्षांपूर्वी तोड कुठे झाली ते शोधा. मोठी झाडं चित्रात सुट्या गोल माथ्यांची दिसतात, कोवळी दाटी बारीक, एकसारख्या पोताची. पानगळीनंतरची किंवा वसंताच्या सुरुवातीची चित्रं मिळाली तर ओढे आणि ओल स्पष्ट होते. राज्याच्या 'मी-हंट' नकाशावर सार्वजनिक जमीन आणि झाडीचे प्रकार दिसतात. विस्कॉन्सिनला जाणार असाल तर तिथल्या वनखात्याचा 'एफ-फ्लाइट' नकाशा कोवळा अ‍ॅस्पेन आणि आल्डरच दाखवतो. त्यावर केंद्रीय कृषी खात्याचा मोफत मृदा-नकाशा, 'वेब सॉइल सर्व्हे', ठेवून पाहा. दोन सारख्या वयाच्या तोडींपैकी एक वाळूवर आणि एक लोमवर, म्हणजे ओल धरणाऱ्या सुपीक मातीवर, असेल तर कुठे जायचं हे सांगायला नको. मिशिगनमधलं राज्याचं जंगल जवळपास चाळीस लाख एकर आहे, राष्ट्रीय वनं वेगळी. ही चाळणी न लावता हिंडणं म्हणजे ऋतू वाया घालवणं.

जागेवर पोचल्यावर बंदूक भरायच्या आधी जमीन पाहा. वुडकॉकची विष्ठा म्हणजे पाचोळ्यावर पडलेला चुन्यासारखा पांढरा शिंतोडा, नाण्याएवढा, मध्ये कधी गडद ठिपका. ग्राउजची विष्ठा सुक्या लहान कांड्यांची असते, त्यामुळे गफलत होत नाही. ताजा शिंतोडा पांढराशुभ्र आणि ओला असतो. पावसाने तो धुऊन जातो, म्हणून रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी दिसलेला शिंतोडा म्हणजे पक्की बातमी. जोडीला मऊ मातीत पेन्सिलीच्या जाडीची भोकं, पाच-सात जवळजवळ. शिंतोडे पुष्कळ आणि पक्षी नाही, असं झालं तर पक्षी रात्रीत निघून गेलेत, पण जागा खरी आहे. तिची नोंद करा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच झुडपाखाली नवे पक्षी उतरतात, आणि हे इतक्या नेमाने होतं की मला त्याचं आजही नवल वाटतं.

वेळ आणि हवा यांच्याबद्दल. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जे भेटतात ते इथलेच, इथे वाढलेले पक्षी. त्यांना हलायचं कारण नसतं. मोठी हालचाल ऑक्टोबरच्या मध्यापासून: थंड लाट येते, वारा उत्तरेचा होतो, रात्र निरभ्र असते आणि पक्षी रात्री प्रवास करत दक्षिणेकडे सरकतात, थेट लुइझियाना आणि आखाताच्या किनाऱ्याकडच्या राज्यांपर्यंत. अशा रात्रीनंतरच्या सकाळी काल रिकामी असलेली झाडी भरलेली सापडते. म्हणून सुट्टी घ्यायची तर कॅलेंडर पाहून घेऊ नका, हवामानाचा नकाशा पाहून घ्या. दुष्काळी शरदात गांडुळं खोल जातात. तेव्हा उतार सोडा आणि झऱ्यांच्या कडेचा, उत्तरेकडे तोंड असलेला आल्डर धरा. जमीन वरून गोठायला लागली की झऱ्यामुळे न गोठणारी ओल आणि दक्षिणेकडच्या उतारांवरचे छोटे तुकडे शेवटी उरतात. तेही गोठले की ऋतू संपला, कायद्यात दिवस उरले असले तरी.

कुत्र्याबद्दल थोडंच सांगतो. ब्रिटनी या कामाला उत्तम. वुडकॉक आपल्या रंगावर विश्वास ठेवून दबून बसतो, ग्राउजसारखा पायी पळत सुटत नाही, त्यामुळे तरुण कुत्र्याला पॉइंट करायला, म्हणजे पक्ष्याचा वास लागताच त्याच्याकडे तोंड करून स्तब्ध उभं राहायला, शिकवायला यापेक्षा चांगला पक्षी नाही. गळ्यात घंटा बांधा. दाट झाडीत घंटा थांबली की कुत्री थांबली. काही चांगले कुत्रेही वुडकॉक तोंडात धरायला नाखूश असतात, शोधून दाखवतात आणि बाजूला उभे राहतात. त्यावरून तिला रागावू नका, पडलेला पक्षी लगेच स्वतः उचला, कारण पाचोळ्यात तो दोन पावलांवरही दिसत नाही. साळिंदराचे काटे उपटायला चिमटा खिशात ठेवा, आणि संध्याकाळी तिच्या आणि तुमच्या अंगावरच्या गोचिड्या तपासा. एक पक्षी उठला की घाईने पुढे जाऊ नका. ज्या तुकड्यात एक आहे तिथे बहुधा आणखी असतात, आणि न लागलेला पक्षी अनेकदा शंभर मीटरच्या आतच पुन्हा उतरतो.

बंदूक हलकी, २० किंवा २८ गेजची, नळी आखूड, चोक (नळीच्या तोंडाची आवळण) मोकळा. ८ किंवा ९ नंबरचे छर्रे, स्टील वापरत असाल तर ७. पक्षी पंखांचा किलबिलाट करत जवळजवळ सरळ वर चढतो, झाडीच्या माथ्याशी क्षणभर रेंगाळतो आणि मग आडवा निघतो. तो क्षणच नेम धरायचा. खाली, काड्यांच्या पातळीवर उडणाऱ्या पक्ष्यावर कधीही गोळी झाडू नका. तिथे तुमची कुत्री असते आणि पलीकडे तुमचा सोबती. केशरी टोपी आणि जॅकीट दोघांच्याही अंगावर हवं.

नियम दरवर्षीच्या पत्रकात स्वतः वाचा, पण चौकट अशी आहे. वुडकॉक स्थलांतरी पक्षी असल्यामुळे वरची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं: ऋतू ४५ दिवसांचा, दिवसाला ३ पक्षी, जवळ बाळगता येतात ९. बंदुकीत एकूण ३ पेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत, म्हणजे मॅगझिनला प्लग लागतो. मिशिगनमध्ये मूळ परवान्याच्या जोडीला वुडकॉकचा मोफत स्टॅम्प घ्यावा लागतो. त्या नोंदणीतूनच शासनाला कळतं की शिकारी किती आणि त्यांनी किती पक्षी घेतले. तुमच्याकडे पाहणीसाठी पंख मागणारी पाकिटं आली तर ती जरूर भरून पाठवा. एका पंखावरून तज्ज्ञ नर-मादी आणि त्या वर्षीचं पिल्लू की जुना पक्षी हे ओळखतात, आणि त्या वर्षी वीण कशी झाली हे त्यातूनच समजतं.

हे मी नियम म्हणून नाही, कळकळीने सांगतो आहे. १९६८ पासून दर वसंतात ठरलेल्या रस्त्यांवर नरांच्या हाका मोजल्या जातात, आणि दीर्घकाळाचा कल दरवर्षी एक टक्क्याच्या आसपास घसरणीचा आहे. कारण मुख्यतः बंदूक नाही, कोवळं रान कमी होणं हे आहे: जुनी शेतं मोठी झाडं होऊन गेली, नवी तोड कमी झाली, ओलीच्या जागा बांधकामाखाली गेल्या. मादी एका वेळी फक्त ४ अंडी घालते. म्हणून एका छोट्या तुकड्यातून सगळे पक्षी उचलू नका. सप्टेंबरच्या स्थानिक पक्ष्यांवर तर मी एका जागेतून एकच घेतो आणि पुढे चालतो. तोड झालेलं रान पाहून हळहळणाऱ्या शेजाऱ्याला हेही समजावून सांगा की योग्य जागी, पाळीपाळीने केलेली अ‍ॅस्पेनची तोड या पक्ष्याचं घर बांधते.

भारतात या पक्ष्याचा युरेशियन भाऊबंद हिवाळ्यात येतो, पण तिथे शिकारीला कायद्याने बंदी आहे. वर लिहिलेलं सगळं फक्त इथल्या परवान्यापुरतं आहे.

आता या वर्षीचा ऋतू संपल्यावर काय करायचं ते. एप्रिलमध्ये, सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, तुमच्या नकाशावरच्या तोडींच्या कडेच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहा. नर जमिनीवर बसून नाकात बोलल्यासारखा 'पींट' असा आवाज काढतो, मग गोल गोल वर चढत शंभर मीटरच्या आसपास जातो आणि किलबिलत त्याच जागी उतरतो. मादी सहसा अशा जागांच्या आसपासच्याच झाडीत घरटं करते, आणि पिल्लं तिथेच वाढतात. म्हणून प्रत्येक आवाजाची खूण नकाशावर करा, पण दिवसा कुत्रीला तिथे मोकळी सोडू नका, घरट्यांचे दिवस असतात. सप्टेंबर उजाडेल तेव्हा तुमच्या हातात त्या जंगलातल्या वस्तीची यादी असेल. त्यातल्या ज्या खुणांच्या दोनशे-तीनशे मीटरच्या आत आल्डरचा ओला पट्टा आहे, तिथून सुरुवात करा.